मागची सीट

पुस्तक इंग्रजीत होतं आणि नानांचं इंग्रजी बेताचं, म्हणून ते मोठ्यानं वाचून त्याचं मराठी करून सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. संध्याकाळी वडील, म्हणजे आमचे नाना, स्वयंपाकघरात पाट टाकून बसायचे, आई भाकरी थापत असायची आणि मी ओट्याला टेकून वाचायचे. दोन माणसांचं, तीन चाकांचं, वर मोठा कापडी पंख असलेलं छोटं विमान घरच्या घरी कसं जोडायचं, त्याचं ते पुस्तक. ट्राइक म्हणतात त्याला. दर दोन-चार पानांआड एक काळी चौकट यायची आणि त्या चौकटीत तोच तो मजकूर असायचा: हे असं न केल्यास गंभीर इजा किंवा मृत्यू संभवतो. सुरुवातीला मी 'मृत्यू' हा शब्द स्वच्छ वाचायचे. मग लक्षात आलं की तो शब्द आला की आईचा भाकरी थापणारा हात थांबतो. तेव्हापासून मी 'अपाय' म्हणायला लागले. नाना हसायचे. "चौकट आली वाटतं," म्हणायचे, "मनीचा आवाज बारीक झाला." त्या दिवसांत आमच्या भाकऱ्या एका बाजूनं करपलेल्या असत.

नानांनी सगळी नोकरी विमानांच्या कारखान्यात काढली. त्यांनी पत्रे जोडलेली विमानं कानठळ्या बसवत आमच्या डोक्यावरून जायची, खिडकीची तावदानं थरथरायची आणि आई म्हणायची, "गेलं बघा तुमचं." नाना स्वतः मात्र जमिनीवरून वीतभरही कधी उठले नव्हते. मुदतीआधी नोकरी सोडून घरी बसल्यावर त्यांनी हे खूळ घेतलं. दक्षिणेतल्या कुठल्याशा छोट्या कंपनीकडून ट्रकमधून लाकडी पेट्या आल्या. एका माणसाचं विमानही मिळत होतं, ते हलकं आणि जोडायला सोपं होतं. नानांनी दोघांचं मागवलं. "एकट्यानं वरून बघायचं आणि खाली येऊन सांगत बसायचं, त्यात काय मजा?" असं त्यांचं म्हणणं. दुसरं कोण, हे त्यांनी सांगितलं नाही. आईला जत्रेतला पाळणाही सोसत नसे. घरात तिसरी मीच. त्या दिवसापासून माझी झोप उडाली ती पुढं वर्षभर. काळ्या चौकटी मी वाचत होते त्या नानांसाठी, पण ऐकत होते स्वतःसाठी.

आमच्या इंदिरानगरच्या घरात एवढं मोठं धूड मावणं शक्य नव्हतं. नानांचे थोरले भाऊ तात्या विंचूरला शेती करायचे. त्यांच्या कांदा साठवायच्या चाळीशेजारी एक पत्र्याची शेड रिकामी होती, तिथं पेट्या उतरल्या. दर रविवारी नाना मला स्कूटरवर मागे बसवून तिकडं न्यायचे. काकूंच्या हातची बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत आणि डोळ्यांतून पाणी काढणारा लाल ठेचा खाऊन आम्ही कामाला लागायचो. शेजारी बायका कांदा निवडत बसलेल्या असायच्या, त्यांच्या गप्पा, लांबून येणारा विहिरीवरच्या मोटारीचा आवाज आणि सगळ्यावर कांद्याचा तो गोडसर उग्र वास. विमानाच्या पंखाच्या पांढऱ्या कापडालाही तो वास लागला होता. तात्या येता-जाता डोकावायचे. "काय रे, शेपूट कुठंय याला?" त्यांनी पहिल्यांदा विचारलं तेव्हा नाना खुलले. शेपूट नाहीच, हेच तर त्यातलं नवल. सुकाणू नाही, पंखाला हलणारे तुकडे नाहीत. पंख वेगळा, खालची गाडी वेगळी, आणि ती गाडी पंखाखाली लोंबकळते. समोर आडवी दांडी असते. ती पोटाशी ओढली की नाक खाली जाऊन वेग वाढतो, पुढं ढकलली की नाक वर. वळायचं तर अंगाचा भार एका बाजूला न्यायचा. "म्हंजे झोकाच की," तात्या म्हणाले. "झोकाच," नाना म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की मला रडू यायचं बाकी राहिलं.

कारण तो झोका कशाला टांगलेला आहे ते मी वाचलं होतं. माझ्या करंगळीहून जेमतेम जाड असा एकच बोल्ट. त्यावर गाडी, इंजिन, पेट्रोलची टाकी आणि दोन माणसं. तो तुटलाच तर म्हणून वरून एक जाड तारेचा फास घातलेला. पण 'तुटलाच तर' हे शब्द पुस्तकात होते, आणि एकदा वाचलेलं विसरता येत नाही. मी कॉलेजात वर्गात बसलेली असताना मध्येच मला तो बोल्ट दिसायचा. आज मी नानांच्या तेव्हाच्या वयाच्याही पुढे गेले आहे, आणि अजून कुठल्याही टांगलेल्या वस्तूखाली, पंखा असो नाहीतर झुंबर, मी खाट टाकू देत नाही. घरातली मुलं हसतात. हसोत.

विमान उभं राहिल्यावर तोल बघायला नानांनी ते साखळीनं शेडच्या तुळईला टांगलं आणि मला म्हणाले, "बस मागं." मागची सीट पुढच्या सीटला अगदी चिकटून आणि जरा उंच होती. बसल्यावर माझे दोन्ही गुडघे नानांच्या कुशींना लागले. माझ्या पाठीमागे हातभर अंतरावर इंजिन आणि त्याला लाकडी पंखा. इतर विमानांना तो नाकाशी असतो, याला तो पाठीमागे. म्हणजे बसलेल्या माणसाच्या हातून, खिशातून, केसांतून जे काही सुटेल ते सरळ त्या फिरत्या पात्यात जाणार. काळ्या चौकटींतली सगळ्यात मोठी चौकट यावरच होती. नानांनी माझी ओढणी, बांगड्या, केसांतल्या पिना, सगळं काढायला लावलं, खिशातलं पेन काढलं. जमिनीपासून दोन फुटांवर टांगलेली असूनही मी सीटच्या कडा घट्ट धरून बसले होते. नाना पुढून म्हणाले, "तोल अगदी बरोबर आहे. मागं कुणी बसो न बसो, फरक पडत नाही. असंच केलंय याचं." मला वाटलं, मग बसायलाच कशाला हवं? पण नानांनी तोवर आयुष्यात स्वतःसाठी काही मागितलेलं मी पाहिलं नव्हतं, आणि आता मागत होते ते एवढंच, की मागे कुणीतरी असावं.

परवानग्यांना विमान जोडण्यापेक्षा जास्त वेळ लागला. मधल्या काळात नाना पुण्याकडच्या एका क्लबात राहून उडवायला शिकून आले. पुढच्या थंडीत तात्यांच्या माळावर धावपट्टीपुरती जागा साफ झाली आणि नाना एकटे उडायला लागले. सकाळी वारा पडलेला असताना जायचे, माळाभोवती दोन-तीन घिरट्या घालून उतरायचे. मी खाली उभी राहायचे. विमान वर असेपर्यंत मी फक्त इंजिनाचा आवाज ऐकायचे, कापडाच्या दुकानातल्या शिलाई मशीनसारखा एकसुरी. तो जरा बदलला की माझे तळहात ओले व्हायचे. आई यायचीच नाही. ती घरी पितळेची भांडी घासत बसायची, घासलेलीच पुन्हा घासायची. मग एका रविवारी जेवताना नानांनी सांगितलं, "पुढच्या वेळी मागं वजन ठेवून एक चक्कर मारतो. ती नीट झाली की मने, तू." आईनं ताटातलं बोट काढलं. "मी पण येते विंचूरला," एवढंच म्हणाली.

त्या सकाळी द्राक्षबागांवर धुकं होतं. पुस्तकात वजन म्हणून वाळूची पिशवी सांगितली होती, पण नानांना वाळूची धास्ती. पिशवी जरा फाटली आणि वाळू इंजिनात गेली तर सगळं संपलं. तात्या हसले. "आरं, वाळू कशाला? कांद्याची गोणी ठेव की. पन्नासाची हाय, मापात भरलेली. मनीएवढीच भरंल." नानांनाही ते पटलं. वाळू गळते, कांदा गळत नाही. तात्यांनी चाळीतून लाल कांद्याची एक गोणी आणली, तोंड सुतळीनं शिवलेली, आणि दोघांनी ती मागच्या सीटवर बसवून पट्ट्यानं आवळली. "पोरीपरीस ही बरी, भ्याची नाय," तात्या म्हणाले आणि आम्ही सगळे हसलो, आईसुद्धा. माझी पिन काढणारे नाना, पेन काढणारे नाना. पण विंचूरच्या माणसाला गोणी ही एक वस्तू असते. ती उचलायची, थप्पीला लावायची, ट्रॅक्टरवर टाकायची. तिच्यात शेकडो सुटे कांदे असतात हे तिथं कुणाच्या मनातसुद्धा येत नाही. आमच्याही आलं नाही.

पहिली चक्कर छान झाली. दुसऱ्या चक्करला विमान बागांवरून वळत असताना त्याच्या मागून काहीतरी लाल उडालं. लालभडक फवारा, आणि तो हवेत पसरत पसरत खाली आला. आई माझा दंड धरून म्हणाली, "रक्त." फक्त एवढंच, आणि तेही अगदी हळू. त्याच वेळी एक फाटका, खडखडाटाचा आवाज आला, विमान सगळं थरथरताना खालूनसुद्धा दिसलं, आणि मग आवाज बंद झाला. तशी शांतता मी नंतर कधी ऐकली नाही. बागेतलं पाखरू ओरडलेलं ऐकू आलं. आजही घरात मिक्सर मध्येच बंद पडला की माझा श्वास तिथल्या तिथे थांबतो.

विमान पडलं नाही. नाक खाली करून ते सरकत खाली येत होतं आणि खाली सगळीकडे द्राक्षाच्या बागा, लोखंडी अँगल आणि त्यांवर ताणलेल्या तारा. तात्या हात वर करून ओरडत होते, "हरभऱ्यात टाक! हरभऱ्यात टाक!" जणू नानांना ते ऐकू जाणार होतं. पांढरा पंख बाभळींच्या मागे गेला आणि दिसेनासा झाला. मी पळाले. आई माझ्या पुढे पळत होती. तिच्या चपला कुठे राहिल्या कुणास ठाऊक, ढेकळांतून अनवाणी पळत होती. मी रडत होते, मोठमोठ्यानं, आणि पळताना मला एकच वाटत होतं की पोचूच नये, कारण पोचलं की कळेल.

हरभऱ्याच्या रानात विमान उभंच होतं. पुढचं चाक वाकलेलं, मागच्या लाकडी पंख्याचं एक पातं अर्धं तुटून गेलेलं. गोणीचं तोंड उसवलं होतं, ती अर्धी रिकामी होऊन पट्ट्यात लोंबत होती आणि लाल सालपटं सगळ्या इंजिनाला चिकटली होती. नाना पुढच्या सीटवर बसले होते. अंगाला ओरखडा नव्हता. दोन्ही हातांनी दांडी पोटाशी धरलेली आणि मान ताठ समोर. तात्यांनी "उतर की रं" म्हटलं तरी हलले नाहीत. मग समोर बघतच त्यांनी विचारलं, "मनी कशी आहे?"

कुणाला काही कळेना. मी पुढे जाऊन त्यांच्यासमोर उभी राहिले. "नाना, मी इथंच आहे." ते माझ्याकडे बघत राहिले, पण ओळख पटल्यासारखे नाही. तात्यांनी त्यांची बोटं एकेक करून दांडीवरून सोडवली.

चहा घेताना ते हळूहळू बोलले. "मागं दणका बसला आणि सगळं हादरायला लागलं. मी इंजिन बंद केलं आणि म्हटलं, मने, घाबरू नको, पाय जवळ घे. उत्तर आलं नाही. पुन्हा हाक मारली. मागं गोणी आहे हे डोक्यातून पार गेलं होतं. मला वाटलं तू..." पुढचा शब्द त्यांनी घेतला नाही. काळ्या चौकटीतला तोच शब्द. "वळून बघितलं असतं तर दांडी सुटली असती. म्हणून बघितलं नाही. नुसतं खाली आणलं." आईनं त्यांच्या हातातून कपबशी घेतली आणि म्हणाली, "मोडून टाका ते." नाना म्हणाले, "हो."

मोडलं नाही. नवा पंखा आला, तात्यांनी चाक सरळ करून आणलं, सगळं शेडमध्ये पडून राहिलं. नाना विंचूरला जाईनात. मला वाटलं होतं, सुटले. रात्री झोप लागेल. पण झालं भलतंच. भीती माझ्याकडून उठून नानांकडे गेली, आणि मोठ्या माणसाची भीती मी कधी पाहिली नव्हती. सकाळी मला स्कूटरवरून कॉलेजला सोडताना ते गल्ली ओलांडायच्या आत हाक मारायचे, "मने?" मी म्हणायचे, "हो." नाक्यावर पुन्हा, "मने?" "हो, नाना." सिग्नलला थांबले की मान वळवून बघायचे. मैत्रिणी हसायच्या. मी उत्तर द्यायला जरा उशीर केला तर ते भररस्त्यात स्कूटर थांबवायचे. एकदा मागून ट्रकवाल्यानं कचकचून ब्रेक मारून शिव्या घातल्या, तरी ते माझा हात धरून तसेच उभे. ज्या माणसानं तुटक्या पंख्यानिशी विमान हरभऱ्यात अलगद ठेवलं, तो आता तिठा ओलांडताना थरथरत होता. त्या दिवशी मी वर्गात गेलेच नाही. कॉलेजच्या पायऱ्यांवर बसून राहिले. बोल्टपेक्षा, पात्यापेक्षा, त्या लाल फवाऱ्यापेक्षा मला हे जास्त भयंकर वाटत होतं, की नाना असेच राहतील.

जेवताना मी म्हणाले, "रविवारी विंचूरला जाऊ. मी मागं बसते."

नाना म्हणाले, "नको." आई म्हणाली, "वेड लागलंय का?" मी म्हणाले, मला भीती वाटते, खूप वाटते, आणि तरी मी बसते. माझा आवाज चिरकत होता, त्यामुळे मी शूर वाटले असेन असं नाही. मग आई उठली. मला वाटलं, आता बोलणी बसणार. तिनं फडताळातून शिवणाचा डबा काढला. अंगावरचं शिवू नये म्हणून माझा स्वेटर काढायला लावला आणि त्याचे दोन्ही खिसे शिवून टाकले. बाह्या आवळून शिवल्या. बटणं ओढून ओढून पाहिली, एक सैल वाटलं ते पुन्हा लावलं. रविवारी शेडमध्ये तिनं माझी वेणी इतकी घट्ट घातली की डोळे ताणले गेले, कानातलं काढून आपल्या पदराला बांधलं, माझ्या बोटातली पातळशी अंगठी साबणानं सोडवून घेतली. पट्टा तिनंच आवळला. तात्या त्या दिवशी एकही थट्टा करू शकले नाहीत. नानांनी बोल्टला बोट लावून पाहिलं, पुढे गेले, परत आले, पुन्हा लावून पाहिलं. मी ते पाहून मान फिरवली.

इंजिन सुरू झालं तशी माझ्या पाठीतून कळ गेली. हाक मारून ऐकू येणं शक्यच नव्हतं, म्हणून नानांनी आधीच ठरवलं होतं: ते कोपरानं माझ्या गुडघ्याला डिवचतील, मी त्यांच्या खांद्यावर थाप मारायची. माळ पळायला लागला, खडखडाट झाला आणि एकदम थांबला. खालची जमीन सुटली होती. कोपर लागलं. मी थाप मारली. पुन्हा कोपर, पुन्हा थाप. गार वाऱ्यानं डोळ्यांतून पाणी वाहत होतं, निदान वाऱ्यानंच असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. मी खाली पाहत नव्हते, नानांच्या हेल्मेटवरच्या एका ओरखड्याकडे पाहत होते. माळाच्या टोकाला वळलो तेव्हा सगळं विमान कलंडलं आणि मी मनातल्या मनात आईला हाका मारल्या. कोपर, थाप. बागा आल्या. कोपर, थाप. त्याच जागी नानांचे खांदे दगडासारखे झालेले मला हाताला कळले. विमान पुढे गेलं.

मग नानांनी मान जराशी डावीकडे वळवली. तिकडे लांब पाण्याचा एक पट्टा उन्हात आला होता आणि त्यापलीकडे डोंगर. ते बघत होते. नुसते बघत होते, आणि वर, वर जात होते. त्यांचे खांदे खाली आले. कोपर लागलं नाही. मी वाट पाहिली. पुन्हा लागलं नाही. इंजिनाचा आवाज, वारा आणि पुढं न हलणारी ती पाठ. मला इतकी भीती वाटली की मी पट्ट्यातून पुढे वाकले आणि मीच त्यांच्या खांद्यावर थाप मारली, जोरात, दोनदा.

नानांनी कोपरानं माझा गुडघा दाबला.